द्विभाषिक वाचकाचे अंतरंग

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्याच्या पृष्ठाचे उभे दोन भाग पाडलेले असत; एका स्तंभात मराठी मजकूर आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी. मराठी वृत्तपत्राचा जन्मच असा जोडस्तंभी झाल्यामुळे पुढे ‘इंदुप्रकाश’ आणि ‘सुधारक’ यांनीही दोन्ही भाषांत मजकूर देण्याची चाल ठेवली, यात फारसे नवल नाही. हे द्वैभाषिक मुद्रण का उपजले, त्यामागे राज्यकर्त्यांना एतद्देशीयांचे म्हणणे कळवण्याचा हेतू किती आणि एतद्देशीयांना नव्या विद्येची गोडी लावण्याचा किती, याचा ऊहापोह इतिहासाच्या अभ्यासकांनी करावा आणि तो त्यांनी केलाही आहे. परंतु मराठी स्तंभावरून इंग्रजी स्तंभाकडे दृष्टी वळवणाऱ्या त्या वाचकाच्या मस्तकात त्या निमिषार्धात काय घडत असेल, हा प्रश्न इतिहासाच्या दफ्तरात मिळणारा नाही. तो मानसशास्त्राचा आणि मज्जाशास्त्राचा आहे, आणि त्याचे बऱ्यापैकी विश्वसनीय उत्तर गेल्या तीसेक वर्षांतच हाती येऊ लागले आहे.

सर्वसाधारण समजूत अशी, की दोन भाषा जाणणारा मनुष्य एक भाषा वाचू लागला म्हणजे दुसरी तेवढ्यापुरती बासनात बांधून ठेवतो आणि काम संपले की पुन्हा सोडतो. ही समजूत केवळ लौकिक नव्हती. मोठमोठ्या वैद्यांनाही तिचा मोह पडला होता. बोर्दो येथील आल्बेर पित्र या फ्रेंच वैद्याने १८९५ साली बहुभाषी रुग्णांच्या वाचाघातावर एक निबंध प्रसिद्ध केला. मेंदूला इजा होऊन अनेक भाषा एकदम हरपलेल्या रुग्णाला पुष्कळदा आधी एकच भाषा परत येते आणि ती बहुधा त्याच्या नित्य वापरातली असते, असे त्याचे निरीक्षण होते. यावरून प्रत्येक भाषेचे मेंदूत स्वतंत्र ठाणे असावे असा तर्क करणारे पुष्कळ निघाले; खुद्द पित्रला मात्र तो मान्य नव्हता, ही गोष्ट पुढील लेखक सोयीस्करपणे विसरतात. मॉन्ट्रियलचे विख्यात शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांनी लामार रॉबर्ट्स यांच्यासह १९५९ साली लिहिलेल्या ग्रंथात, एका भाषेतून दुसरीत जाताना आपोआप पालटणारी एखादी कळ मेंदूत असावी, अशी कल्पना मांडली. कल्पना इतकी सुटसुटीत होती, की ती खोटी ठरावी याचे कोणालाही वाईट वाटेल.

वाचन म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहिल्याशिवाय मात्र तिची परीक्षा होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस येथील एमिल जाव्हाल या नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेत असे आढळले, की वाचणाऱ्याचा डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारीत जातो. एका ठिकाणी तो साधारण पाव सेकंद स्थिरावतो, उडीत त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि लहान, परिचित शब्द तो पुष्कळदा सरळ ओलांडून जातो. या पाव सेकंदात अक्षरांची ओळख, उच्चाराचे स्मरण, अर्थाची उपस्थिती आणि पुढच्या उडीचा निश्चय इतकी कामे उरकायची असतात. अक्षरे ओळखण्याच्या कामाला मेंदूत वेगळी जागा आहे, याचा पहिला भक्कम दाखला ज्यूल देजेरीन याने १८९२ साली दिला. त्याच्या रुग्णाला लिहिता येत असे, बोलता येत असे, पण लिहून झालेले स्वतःचेच वाक्य त्याला वाचता येत नसे. ही जागा डाव्या बाजूस, मस्तकाच्या मागच्या-खालच्या भागात आहे, हे आता प्रतिमातंत्राने निश्चित झाले आहे. पॅरिसच्या स्तानिस्लास देहान आणि लोराँ कोएन यांच्या गटाने २०२३ साली अतिशय सूक्ष्म चुंबकीय प्रतिमा घेऊन पाहिले, तेव्हा इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही जाणणाऱ्यांत त्या जागेतले तेच ते ठिपके दोन्ही भाषांसाठी चेतवले जात होते. इंग्रजी आणि चिनी वाचणाऱ्यांत मात्र बहुतेक ठिपके समाईक असूनही काही ठिपके केवळ चिनी अक्षरांसाठी राखून ठेवलेले आढळले. याचा अर्थ, या टप्प्यावर मेंदू भाषा कोणती ते पाहत नाही. फरक पडला तर तो लिपीने पडतो.

पेनफील्डच्या कळीला पहिला धक्का मात्र यापूर्वीच, अगदी साध्या साधनांनी बसला होता. पॉल कोलर्स यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी आणि फ्रेंच जाणणाऱ्यांना असे उतारे दिले, की ज्यांत वाक्याच्या मध्येच भाषा बदलत असे. मोठ्याने वाचताना वाचक अडखळले, त्यांना वेळ अधिक लागला. परंतु मजकूर समजण्यात काहीही उणे पडले नाही. मूक वाचनातही भाषेच्या वळणावर किंचित विलंब होतो, असे जॉन मॅकनमारा यांना पुढे आढळले. तो विलंब खरा असला, तरी त्यातून दिसते ते एवढेच, की बदलाचा खरा भार जिभेवर पडतो. डोळ्याला तो बराच हलका जातो. (जी मंडळी सभेत मराठी वाक्य सुरू करून इंग्रजीत संपवतात, त्यांच्या बाबतीत जीभही फारशी तक्रार करीत नाही, हा निराळा विषय.)

निर्णायक पुरावा आला तो हॉलंडमधील नाइमेखेन येथून. डच आणि इंग्रजी या भाषांची लिपी एक, आणि काही शब्द अक्षरशः एकसारखे लिहिले जाऊनही अर्थाने परके. इंग्रजीत खोलीला ‘रूम’ म्हणण्यासाठी जी चार अक्षरे लिहितात तीच डचमध्ये लिहिली तर त्यांचा अर्थ दुधाची साय असा होतो. टॉन डाइकस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली असे शब्द डच विद्यार्थ्यांपुढे पडद्यावर एकेक करून ठेवले आणि हा शब्द इंग्रजीत आहे की नाही, एवढेच कळ दाबून सांगायला लावले. यादीत इंग्रजी शब्द आणि निरर्थक अक्षरपुंज इतकेच होते तोवर या दुहेरी शब्दांना इतर शब्दांइतकाच वेळ लागला, आणि कळीचा सिद्धान्त मानणाऱ्यांना क्षणभर हायसे वाटावे असाच हा निकाल होता. मग संशोधकांनी यादीत खरेखुरे डच शब्द मिसळले. त्यांना विद्यार्थ्यांनी ‘नाही’ म्हणायचे होते. लगेच दुहेरी शब्दांवर विद्यार्थी ठळकपणे रेंगाळू लागले. तिसऱ्या खेपेस प्रश्नच बदलला: शब्द कोणत्याही भाषेतला असला तरी ‘होय’ म्हणा. आता तेच शब्द इतरांपेक्षा लवकर ओळखले गेले. वाचक त्याच प्रकारचे, शब्द तेच, तरी अडसर, उदासीनता आणि साहाय्य असे तीन वेगवेगळे परिणाम दिसले. दोन्ही अर्थ प्रत्येक वेळी जागे होत असले पाहिजेत, आणि त्यांचे काय करायचे याचा फैसला मागाहून, कामाच्या स्वरूपाप्रमाणे होत असला पाहिजे, याखेरीज याचा उलगडा होत नाही.

डाइकस्ट्रा आणि वॉल्टर व्हान ह्यूव्हन यांनी २००२ साली मांडलेली उपपत्ती हेच सांगते. जिल्ह्याच्या न्यायाधीशापुढे दोन साक्षीदार एकदमच जबाब देऊ लागावेत, त्याने दोघांनाही ऐकावे, आणि समोर असलेल्या फिर्यादीशी ज्याचा संबंध आहे त्याचाच जबाब निवाड्यात घ्यावा, अशी काहीशी ही व्यवस्था आहे. शब्द ओळखणारी यंत्रणा पक्षपात जाणत नाही. अक्षरे जुळली की दोन्ही भाषांतील शब्द, किंबहुना त्यांच्याशी एखाद्या अक्षराने मिळतेजुळते शेजारी शब्दही, हजर होतात. निवाडा करणारी यंत्रणा वेगळी असते आणि ती प्रसंग पाहते.

कोणी म्हणेल, लिपी एक असल्यावर गफलत व्हायचीच. लिपीच निराळी असेल तर? यावर वेल्समधील बँगॉर येथे गियोम तिएरी आणि यान जिंग वू यांनी २००७ साली जो प्रयोग केला, त्याहून चतुर प्रयोग या क्षेत्रात मला दुसरा ठाऊक नाही. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या चिनी तरुणांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या दाखवून त्यांचे अर्थ परस्परसंबद्ध आहेत की नाहीत, एवढे विचारले. प्रयोगात कोठेही चिनी अक्षर नव्हते. परंतु काही जोड्या अशा निवडल्या होत्या, की त्यांचे चिनी भाषांतर केले तर दोन्ही शब्दांत एक चिन्ह समान यावे. आगगाडी आणि डुकराचे खारवलेले मांस यांचा अर्थाने काही संबंध नाही, पण चिनीत दोन्ही शब्दांच्या आरंभी अग्नीचे चिन्ह येते. उत्तरांत काही फरक पडला नाही, आणि अशी काही मेख मारली आहे याची कोणालाही शंका आली नाही. तथापि डोक्याला लावलेल्या तारांनी टिपलेल्या विद्युत्-लहरींत, शब्द दिसल्यापासून सेकंदाच्या जवळजवळ अर्ध्या अवधीच्या आत, त्या छुप्या पुनरुक्तीची नोंद झालेली होती. मालकाला पत्ता नसताना मातृभाषा आपला कारभार चालवीत होती.

प्रयोगशाळेत एकेक शब्द पाहणे आणि पुस्तक वाचणे यांत अंतर आहे, हा आक्षेप न्याय्य आहे. बेल्जियममधील गेंट येथे वाऊटर डाउक यांच्या गटाने तो दूर करण्यासाठी एकोणीस डच-इंग्रजी वाचकांना अगाथा ख्रिस्ती यांची पहिली रहस्यकादंबरी, अर्धी डचमध्ये आणि अर्धी इंग्रजीत, संपूर्ण वाचायला लावली आणि त्यांच्या डोळ्यांची प्रत्येक उडी मोजली. दुसऱ्या भाषेत डोळा अधिक ठिकाणी थांबतो, उड्या आखूड घेतो आणि कमी शब्द ओलांडतो, असे दिसले. प्रौढ वाचक आणि बालवाचक यांच्यात जो फरक आढळतो, त्याच्याशी हा फरक पुष्कळच जुळणारा आहे. इंग्रजी वृत्तपत्र अस्खलित वाचणाऱ्या मराठी गृहस्थाला तेवढाच मराठी मजकूर वाचायला कमी श्रम का पडतात, याचे उत्तर यातच आहे. त्याच गेंटमधून २००९ साली आलेले एक निरीक्षण मला याहून महत्त्वाचे वाटते: वाचक आपल्या मातृभाषेतले वाक्य वाचीत असतानाही, जो शब्द दुसऱ्या भाषेत त्याच रूपाने व त्याच अर्थाने आहे, त्यावर त्याची नजर कमी वेळ थांबते. म्हणजे मागाहून आलेली भाषा घरच्या भाषेच्या वाचनातही हात घालते. शुद्ध एकभाषिक वाचन ही दुसरी भाषा चांगली शिकलेल्या मनुष्याला पुन्हा लाभणारी गोष्ट नाही.

हे सारे युरोपातले. आपल्याकडचा मासला याहून अधिक कसोटीचा आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात, आणि नागपूरकर, इंदूरकर वा ग्वाल्हेरकर मराठी वाचकाला दिवसातून अनेकदा एकीतून दुसरीत जावे लागते. ‘केंद्रीय माध्यमिक शिक्षा बोर्ड’ हे नाव वाचून कोणा पालकाला छडीची आठवण होत नाही, किंवा ‘यातायात पुलिस’ ही अक्षरे पाहून पोलिसांच्या खटाटोपाची कीव येत नाही; आणि तरीही नाइमेखेनच्या विद्यार्थ्यांवरून अनुमान करायचे तर त्या पाव सेकंदात ‘शिक्षा’ या शब्दाचा मराठी अर्थ रुजू होऊन, ‘बोर्ड’ आणि ‘माध्यमिक’ या शेजाऱ्यांच्या साक्षीने बाजूला सारला जात असला पाहिजे.

असे मोठे शब्द विनोदी लेखकांच्या फार उपयोगी पडतात, म्हणून त्यांचीच चर्चा होते. खरा पेच त्याहून लहान शब्दांत आहे. ‘तो’, ‘ही’, ‘की’ हे शब्द दोन्ही भाषांत पानोपानी येतात आणि त्यांची कामे निरनिराळी असतात. मराठीत ‘तो’ हे सर्वनाम, हिंदीत ते अव्यय. मराठीत ‘ही’ स्त्रीलिंगी दर्शक सर्वनाम, हिंदीत तो जोर देणारा निपात. ‘की’ मराठीत दोन वाक्यांना जोडते, हिंदीत ते षष्ठीचे स्त्रीलिंगी रूप असते. ‘तो चलें’ हे हिंदी आणि ‘तो चालला’ हे मराठी शेजारी शेजारी ठेवून पाहावे. पहिला शब्द एक, दुसऱ्याचे पहिले व्यंजन एक. ‘च’ला काना आहे की नाही, एवढ्यावर भाषा ठरते. डोळा ‘तो’वर असतानाच पुढच्या शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरे त्याला अंधुक दिसत असतात, आणि पुष्कळदा तर डोळा ‘तो’वर न थांबताच पुढे गेलेला असतो. मग वाक्याच्या घडणीवरून त्याचे काम मागाहून लावले जाते. हिंदी कादंबरी वाचताना ‘तो’ म्हणजे कोण, असा प्रश्न मराठी वाचकाला कधी पडत नाही, त्याचे श्रेय या वाक्यरचनेकडे जाते. एकाकी शब्दांवर केलेले प्रयोग ज्याला अडथळा म्हणून मोजतात, तो सलग वाक्यात पुष्कळसा विरघळून जातो.

उच्चाराची गोष्ट तर याहून सूक्ष्म आहे. ‘चल’ हा शब्द मराठी आज्ञार्थी असेल तर जीभ दातांजवळ जाते. हिंदी असेल तर टाळूला लागते. पृष्ठावर त्याची कोणतीही खूण नसते. मराठी वाचक या कामात मुळातच तरबेज असतो, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेतच ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य यांचे उच्चार निराळे आहेत, आणि अर्थ आधी ठरल्याशिवाय उच्चार ठरत नाही. मराठी कथेत हिंदी संवाद आला, की मोठ्याने वाचून दाखवणारा मनुष्य अवतरणचिन्ह दिसताच जिभेची तजवीज बदलतो. एखाद्या वेळी अवतरण संपून मराठी सुरू झाले तरी पुढचा एखादा ‘च’ टाळूवरच राहून जातो. कोलर्सच्या वाचकांची जीभ अशीच मागे राहत होती.

लिपी निराळी असली, की मेंदूला एक आगाऊ इशारा मिळतो, हे खरे. पण दार बंद होत नाही. तामार गोलान, केनेथ फॉर्स्टर आणि राम फ्रॉस्ट यांनी १९९७ साली हिब्रू आणि इंग्रजी वाचणाऱ्यांवर प्रयोग केले, तेव्हा मातृभाषेतील शब्द डोळ्यांपुढून इतक्या वेगाने नेला गेला, की तो दिसल्याची जाणीवही होऊ नये. तरीही त्यानंतर आलेला दुसऱ्या लिपीतील समानार्थी शब्द लवकर ओळखला गेला, आणि दोहोंचा उच्चारही जुळत असेल तर हा लाभ अधिक झाला. आपल्याकडे मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी हिंदी-इंग्रजी वाचकांच्या प्रतिमा घेतल्या. ज्यांनी दोन्ही लिप्या बालपणी एकत्रच गिरवल्या होत्या, त्यांच्या मेंदूत हिंदी वाचताना अक्षरांचे ध्वनी जुळवणारा मार्ग अधिक चेतत होता, आणि ज्या इंग्रजीचे वर्णलेखन उच्चाराला इमानदार नाही ती वाचताना शब्द सबंध ओळखणारा मार्ग. इंग्रजी मागाहून शिकलेल्यांत हा भेद तितका स्पष्ट नव्हता. देवनागरी उच्चाराशी प्रामाणिक असली, तरी अगदी निर्दोष नाही: ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, या उलट्या क्रमाची किंमत हिंदी वाचकांना थोड्याशा विलंबाने मोजावी लागते, असे ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ साली दाखवले.

निवाडा करणारे अधिकारी मेंदूत कोठे बसतात, याविषयी थोडेच सांगता येते. कपाळामागचे प्रदेश आणि खोल गाभ्यातील डाव्या बाजूचे पुच्छाकार केंद्रक यांचा त्यात वाटा आहे. २००६ साली जर्मन-इंग्रजी आणि जपानी-इंग्रजी वाचकांच्या अभ्यासात, लागोपाठच्या दोन शब्दांची भाषा बदलते की नाही, याची दखल हे केंद्रक घेताना आढळले. डेव्हिड ग्रीन यांनी १९९८ साली असा सिद्धान्त मांडला, की नको असलेल्या भाषेला मेंदू सक्रिय रीतीने दाबून धरतो आणि जी भाषा बलवान तिला अधिक जोराने दाबावे लागते. याला पुष्टी लगेच पुढच्या वर्षी मिळाली: अंक वाचून आलटूनपालटून दोन भाषांत बोलायला लावले, तेव्हा कमजोर भाषेतून मातृभाषेकडे परतणे हेच अधिक वेळखाऊ ठरले. या सततच्या व्यायामाने बुद्धी इतर कामांतही तल्लख होते, असा एक दावा मध्यंतरी फार गाजला. त्यावरील उत्साह आता बराच ओसरला आहे आणि तो ओसरला हे बरेच झाले, कारण दोन भाषा वाचता येण्याचा फायदा दोन भाषांतील पुस्तके वाचता येणे हा आहे, आणि तो सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही.

ज्या परिस्थितीत लिपीचा इशाराच उलटा पडतो, ती आता भ्रमणध्वनीवर रोज पाहायला मिळते. देवनागरी कळफलकाचा कंटाळा करून लोक मराठी रोमन अक्षरांत लिहितात, आणि मग ‘हे’ लिहिले की ते इंग्रजी पुल्लिंगी सर्वनामाशी, ‘तो’ लिहिले की इंग्रजी शब्दयोगी अव्ययाशी आणि ‘अरे’ लिहिले की इंग्रजी सहायक क्रियापदाशी अक्षरशः एकरूप होते. कोकणी भाषा रोमी आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत वाचणारे गोवेकर या स्थितीला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेले आहेत. त्यांच्या रोमीला ठरलेले वर्णलेखन आहे, छापलेली पुस्तके आहेत, आणि डोळ्याला त्या शब्दाकृती ओळखीच्या झालेल्या आहेत. भ्रमणध्वनीवरच्या मराठीला असे ठरलेले वर्णलेखन नाही. एकच शब्द तीन माणसे तीन प्रकारे लिहितात. त्यामुळे शब्द सबंध ओळखण्याची सोय उरत नाही, एकेक अक्षर जुळवून ध्वनी काढावा लागतो, आणि शेजारचा इंग्रजी शब्द, ज्याची आकृती डोळ्याला हजारो वेळा दिसलेली आहे, तो मात्र आधी हजर होतो. उत्तम मराठी आणि उत्तम इंग्रजी जाणणारा मनुष्य असा चार ओळींचा निरोप वाचताना ओठ हलवू लागतो, ते याच कारणाने.